पार्कच्या मागच्या बाजूला

चिनी दिग्दर्शक जिया झांगकेचा 'द वर्ल्ड' (२००४) हा सिनेमा एका साध्या गरजेपासून सुरू होतो. ताओ नावाची नर्तकी स्टेजमागच्या बोळांतून बँडेड मागत फिरतेय. अंगावर 'भारतीय' म्हणून शिवलेला झगमगीत पोशाख आहे. थोड्या वेळाने ती मोनोरेलमध्ये बसते आणि फोनवर सांगते की मी भारतात निघालेय. भारत म्हणजे पार्कातला छोटा ताजमहाल.

बीजिंगमध्ये असं पार्क खरोखर आहे, १९९३ पासून. आयफेल टॉवर, पिरॅमिड, न्यूयॉर्कच्या इमारती, सगळ्याच्या प्रतिकृती एकाच आवारात. सिनेमा तिथल्या नर्तकींचा आणि सिक्युरिटी गार्डांचा आहे. ताओ आणि तिचा मित्र ताइशेंग शान्शी प्रांतातून इथे आलेत. एकदा डोक्यावरून विमान जातं, तेव्हा ताओ म्हणते की विमानात बसलेलं कुणीच तिच्या ओळखीचं नाही. पुढे तीच पार्कात उभ्या करून ठेवलेल्या विमानात हवाई सुंदरीच्या युनिफॉर्ममध्ये दिसते.

हा सिनेमा 'खोटं जग, फसलेली माणसं' असा वाचणं सोपं आहे. पहिल्यांदा मीही तसाच वाचला. पण जग खोटं आहे हे ताओला आपल्याआधी कळलेलं असतं. ताइशेंग तर गावाकडच्या पाहुण्यांना ऐटीत सांगतो की अमेरिकेतले जुळे टॉवर पडले, आमचे अजून उभे आहेत. मग हे सगळं माहीत असून माणसं तिथे कामाला का राहतात?

हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली. ठाण्यात घोडबंदर रोडला टिकुजीनीवाडी आणि सूरज वॉटरपार्क आहेत. आपण यांतल्या कुठेतरी शाळेच्या ट्रिपला गेलेलो असतो. राइड आठवते. पण आपल्या खांद्यावरचा बार ओढून लॉक तपासणारा मुलगा आठवतो का?

बारावीनंतरच्या उन्हाळ्यात मी तो मुलगा होतो. एका वॉटरपार्कात स्लाइडच्या वरच्या टोकाला उभं राहायचं, खालून इशारा आला की एकेकाला सोडायचं. दुपारी पायऱ्या इतक्या तापायच्या की चप्पल ओली करून घ्यावी लागायची. क्लोरीनने डोळे लाल व्हायचे. रविवारी सुट्टी नाही, सणाला तर नाहीच. आई म्हणायची, "लोकांच्या सुट्टीत तुझी ड्युटी, हे कसलं काम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तरी रोज जात होतो.

उत्तराचा पहिला भाग जियाने एका उपकथेत दिलाय. ताओच्या गावचा एक पोरगा पार्कात न जाता बांधकामावर जातो. जास्तीच्या पैशासाठी रात्रपाळी करतो आणि अपघातात मरतो. मागे एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर कुणाचे किती पैसे देणं आहे त्याची यादी असते. पार्कातला टॉवर खोटा आहे, पण खरा टॉवर बांधताना माणूस मरतो. ताओची निवड स्वप्न आणि वास्तव यांतली नाहीच, ती एक काम आणि दुसरं काम यांतली आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या पोरांना हे समजवावं लागत नाही. आपल्यासमोर पर्याय काय असतात? भिवंडीच्या गोदामात पिकिंग-पॅकिंग. एमआयडीसीतली शिफ्ट, जिथे २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. किंवा सकाळची फास्ट लोकल धरून मुंबईतलं एखादं काउंटर. यांच्या शेजारी ठेवलं की पार्क वेडेपणा वाटत नाही. खोपोलीकडे जाणाऱ्याला तर सकाळी गर्दीच्या उलट दिशेची गाडी मिळते. ज्यांनी डोंबिवलीला लोकल पकडलीय त्यांना याची किंमत कळेल.

पण नुसतं 'बाकीचं वाईट म्हणून हे बरं' एवढंच नाही. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं. त्यात 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली: हसू हाही कामाचा भाग असतो आणि ते पगारासाठी विकलं जातं. उभ्या विमानातली ताओ याचं नेमकं उदाहरण आहे. मात्र वॉटरपार्कात मला एक उलटी गोष्टही दिसली. गिऱ्हाइकासाठी हसून झालं की आम्ही मागच्या शेडमध्ये डबे उघडायचो, आणि तिथलं हसू कुणाला विकलेलं नसायचं. वीसेक पोरंपोरी, सगळी एकाच वयाची, सगळी उभं राहून दमलेली. गोदामात मोजणी असते, शेडमध्ये टोळी होती. मी त्या टोळीसाठी जात होतो.

इथे माझी सिनेमाबद्दल तक्रार आहे. सुरुवातीचा बँडेडचा गलका जियाने अप्रतिम पकडलाय, पण पुढे तो माणसांना एकेकटं करत नेतो. मोबाइलवर मेसेज आला की पडद्यावर अॅनिमेशन उमलतं आणि माणूस आपल्याच फोनमध्ये बंद होतो. अॅना ही रशियन नर्तकी आणि ताओ, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी त्यांची मैत्री होते. तो धागाही सिनेमा दुःखाकडेच वळवतो. शेवट तर सगळ्यात गारठलेला. त्या बोळात मागितल्यावर धावून येणारी माणसं होती, हे दिग्दर्शकालाच आठवत नाही असं वाटतं.

आणि तरीही त्याची उदासी मी पूर्ण नाकारू शकत नाही. टोळीसाठी पोरं टिकतात हे मालकालाही कळतं. म्हणूनच पगार वाढवण्याची घाई त्याला नसते. डबा आमचा, गप्पा आमच्या, फायदा मात्र त्याच्या हिशेबात. जे आम्हाला धरून ठेवत होतं, त्याच्याच जोरावर आम्ही स्वस्त मिळत होतो.

आईला आता उत्तर द्यायचं तर हे दोन्ही सांगावं लागेल. काम बरं होतं. पगार कमी होता. आणि पहिल्या गोष्टीमुळे दुसरी खपून जात होती.