‘फकिरा’ : गावाची माया आणि माणसाचा हक्क

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या जमाखर्चासाठी ओळखले जाते. पाऊस किती झाला, पाणी किती आहे आणि त्यावर कोणती पिके घ्यावयाची, याचा हिशेब तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो. अशा गावाविषयी बोलताना ‘सारे गाव एक कुटुंब’ असे सहज म्हटले जाते. हे शब्द ऐकले की आम्हास अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आठवते. गाव हे कुटुंब असेल, तर त्यात मांगवाड्याचे नाते कोणते?

1959 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. वाटेगावच्या प्रतिष्ठेसाठी राणोजी मांग शिगावची जोगणी आणतो आणि त्यापायी प्राणास मुकतो. गावाला जत्रेचा मान मिळतो. राधेच्या वाट्याला वैधव्य येते, दौलतीच्या वाट्याला पुत्रशोक आणि फकिरा व साधू यांच्या वाट्याला पोरकेपण. शंकरराव पाटील या घराशी मायेने वागतात. विष्णुपंत कुलकर्णी दुष्काळात मांगांना काहीही करून जगण्यास सांगतात. ही माणुसकी लेखकाने मोठ्या मनाने रंगविली आहे. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि या चित्रणावरून जुन्या गावगाड्यात सलोखा नांदत होता, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पाटलांची माया खरी असूनही उपाशी मांगवाड्याला हक्काचे धान्य मिळत नाही. ते लुटूनच आणावे लागते. राणोजीच्या मरणाचा कादंबरी पराक्रम म्हणून गौरव करते. ज्या गावासाठी तो मेला, त्याने त्याची वस्ती वेशीबाहेर का ठेवली, हा प्रश्न मात्र ती पुरेशा कठोरपणे विचारीत नाही. येथे आमचा अण्णा भाऊंशी नम्र मतभेद आहे.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (1852) या कादंबरीतही हेच आढळते. टॉमला सारे ‘काका’ म्हणतात. परंतु मालकाला कर्ज फेडावयाचे असते, तेव्हा या काकाला पत्नी क्लोई व मुलांपासून तोडून विकले जाते. संबोधन नात्याचे, अधिकार मात्र मालकीचा. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती या दोन्ही दास्यांचे साम्य ओळखूनच.

‘फकिरा’त या दास्याला परक्या सरकारची जोड मिळते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. तो 1952 साली रद्द झाला. गावाच्या लेखी मांगाचे घर म्हणजे पिढीजात चाकरी, तर सरकारच्या लेखी पिढीजात गुन्हा. म्हणूनच पुरुषांवर हजेरी लादली जाते, आणि फकिरा हाती लागत नाही तेव्हा त्याच्या माणसांनाच धरले जाते. त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून शरण जातो. बाप गावाच्या मानासाठी मेला. मुलगा आपल्या माणसांसाठी मरण पत्करतो. आमच्या मते दोन पिढ्यांतील हे अंतर हेच या कादंबरीचे खरे मर्म आहे.

माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच अथवा श्रेष्ठ ठरतो, असे तथागतांनी वसल सुत्तात सांगितले. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, तीही याच भूमिकेतून. कोणा भल्या पाटलाची मर्जी ही बंधुता नव्हे. भला पाटील गेला की ती मर्जीही जाते.

म्हणून हिवरे बाजारच्या जमाखर्चात आम्हास ‘एक कुटुंब’ या शब्दांपेक्षा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. पाणी मायेने नव्हे, तर सर्वांसमोर ठरलेल्या नियमाने वाटले जावे. त्या नियमात वेशीबाहेरच्या शेवटच्या घराचा वाटा किती, हीच प्रत्येक गावाची कसोटी. राणोजीच्या वाटेगावात असा हिशेब असता, तर फकिराला धान्य लुटावे लागले नसते.