ऐकण्यासाठी लिहिलेले वाक्य

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयक संविधान जाहीर केले. त्यामुळे मिस्सेत लोकभाषेला वाव मिळाला आणि शतकानुशतके मागे पडलेल्या श्रद्धावंतांच्या सामुदायिक विनंत्या पुन्हा रूढ झाल्या. धर्मग्रामांत या विनंत्या पुष्कळदा एखादा शिक्षक, एखादी गृहिणी किंवा एखादा युवक लिहितो. तेव्हा हा समीक्षेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या समाजात कथा-कवितांपेक्षा हे गद्य अधिक कानांवर पडते, आणि एकदाच पडते. छापील वाक्य उमगले नाही तर वाचक मागे जाऊन पाहतो. मंदिरातील श्रोत्याला ती सोय नाही.

नमुन्यादाखल एक विनंती आम्हीच रचून देतो: ‘आजाऱ्यांना भेटणे, गरिबांच्या मुलांना पुस्तके देऊन आणि वृद्धांची काळजी घेतली जावी यासाठी आपण प्रार्थना करू या.’ यात मागण्या तीन, आणि तिन्ही एकाच तोलाच्या. परंतु पहिली ‘भेटणे’ अशी नामासारखी उभी आहे, दुसरी ‘देऊन’पाशी अर्ध्यावर लोंबकळते, तिसरी कर्मणी प्रयोगात शिरली आहे. श्रोता पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, तो दुसरी पायरी भलत्याच उंचीवर. आता हेच असे म्हणून पाहावे: ‘आम्ही आजाऱ्यांना भेटावे, गरिबांच्या मुलांना पुस्तके द्यावीत, वृद्धांची काळजी घ्यावी, म्हणून प्रार्थना करू या.’ केवळ कानाची सोय झाली असे नाही. ‘काळजी घेतली जावी’ म्हणताना ती घ्यायची कोणी, हा प्रश्न झाकून गेला होता. तीन क्रियापदे एका रांगेत उभी केल्यावर ‘आम्ही’ हा कर्ता तिघांच्याही माथ्यावर आला. वाक्य सुधारताना विनंतीच अधिक प्रामाणिक झाली.

शिवाय, प्रत्येक विनंतीनंतर मंडळीचे उत्तर एकच असते. पाच विनंत्यांचे शेवट पाच तऱ्हांचे असले तर उत्तर केव्हा द्यावयाचे हे लोकांना कळत नाही. पुढचे बाक बोलते, मागचे गप्प राहते.

ही समान रचना आपल्या धर्मग्रंथाच्या हाडीमांसी आहे. इंग्लंडमधील अँग्लिकन पंडित रॉबर्ट लौथ यांनी ऑक्सफर्ड येथे हिब्रू काव्यावर लॅटिनमधून दिलेली व्याख्याने १७५३ साली प्रसिद्ध झाली. स्तोत्रांतील ओळी जोडीने चालतात, हे त्यांनी तेथे उलगडून दाखविले. दुसरी ओळ कधी पहिलीचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगते, कधी तिच्या विरोधात उभी राहते, कधी विचार पुढे नेते. यमक भाषांतरात गळून पडते. अर्थांची ही जोडी मात्र मराठीत आली तरी शाबूत राहते.

आणि मराठीला ती परकी नाहीच. ‘गरज सरो, वैद्य मरो’, ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ अशा म्हणी याच तोलावर उभ्या आहेत. आमच्या आज्या ‘जसे-तसे’, ‘जेव्हा-तेव्हा’ यांच्या आधारे लांबलचक हकीकत न अडखळता सांगत. गोंधळ सुरू झाला तो इंग्रजी मसुदा समोर ठेवून मराठी लिहू लागल्यावर.

याचे ठळक उदाहरण मृत्युलेखांत सापडते. ‘त्यांनी चाळीस वर्षे शाळेत शिकवले, गावासाठी विहीर खोदली आणि परवा देवाघरी गेले.’ इंग्रजीत एक कर्ता तीन क्रियापदे सुखाने ओढतो. मराठीत ‘शिकवले’, ‘खोदली’ यांना ‘त्यांनी’ चालते. ‘गेले’ म्हटले की ‘ते’ हवेत. नाहीतर कानाला ‘त्यांनी गेले’ असे ऐकू येते, आणि तेही नेमके शोकाकुल कुटुंबासमोर. येथे ओढूनताणून जोडी जमवू नये. दोन कामे एकत्र सांगावीत, वाक्य थांबवावे आणि ‘परवा ते देवाघरी गेले’ हे वेगळे म्हणावे. (‘वेदीवर फुले व मेणबत्त्या पेटवल्या’ हे वाक्यही याच घराण्यातले. फुलांची दया येते.)

समान रचनेचा अतिरेकही होतो. प्रवचनकारांना त्रिकुटाची भारी हौस: ‘प्रेम द्या, शांती द्या, आनंद द्या.’ विचार एकच असताना केवळ ठेक्यासाठी तीन वाक्ये झाली, की श्रोता ठेका ऐकतो आणि अर्थ सोडून देतो.

तोल कसा राखावा आणि कोठे मोडावा, हे संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात पाहावे. तेथे ‘धन्य’ या शब्दाने नऊ वचने सुरू होतात. पहिल्या व आठव्या वचनातील अभिवचन एकच, स्वर्गाच्या राज्याचे, आणि ते वर्तमानकाळात आहे. मधल्या सहांतील अभिवचने भविष्यकाळातील आहेत. दोन खांबांमध्ये कमान उभारावी, तशी ही बांधणी. आठ वचने तृतीय पुरुषात, दूरच्या कोणाविषयी बोलावे तशी चालतात. कान त्या चालीला सरावतो, आणि नवव्या वचनात ती चाल मोडते: ‘ते’ जाऊन तेथे ‘तुम्ही’ येतो. छळ आता समोर बसलेल्यांचा आहे. मिस्सेत हा उतारा वाचणाऱ्याने आठव्या वचनानंतर क्षणभर थांबावे, मान वर करून मंडळीकडे पाहावे आणि मगच नववे वाचावे.