आढळ आणि उगम : अमरावतीच्या विषाणू-नमुन्यांच्या वाचनाची चिकित्सा

कोरोना विषाणूचा डेल्टा हा प्रकार अमरावतीत जन्माला आला, हे विधान 2021 पासून इतक्या सहजपणे केले जाते की त्यास आधार विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात या विधानामागील जनुकीय पुराव्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक साहित्याचा अध्यापक आहे. विषाणूशास्त्राचा अधिकार तो सांगत नाही. तथापि येथे मूळ प्रश्न वाचनाचा आहे, आणि वाचनाची शिस्त हा साहित्याभ्यासाचाही विषय आहे.

या विषाणूचा जीनोम सुमारे 29,900 अक्षरांचा आहे. आरटी-पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. जनुकीय क्रमनिर्धारणात ही अक्षरे क्रमाने वाचली जातात आणि जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुहानच्या क्रमाशी ताडून पाहिली जातात. विषाणूची नक्कल होताना चुका होतात. त्यांपैकी सरासरी दोनेक चुका दरमहा वंशात टिकून राहतात. ज्या नमुन्यांत एकसारख्या चुकांचा समूह आढळतो, त्यांचा पूर्वज बहुधा एक असतो. महानुभाव पोथ्यांच्या अभ्यासकास ही पद्धत अपरिचित वाटू नये. म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'च्या प्रती पुढे नकलल्या जात राहिल्या आणि त्यांत पाठभेद निर्माण झाले. अशा ग्रंथाच्या संपादनात समान लेखनदोषांवरून प्रतींचे कुळ ठरविता येते. मात्र एखादी पोथी जेथे सापडली तेथेच ती प्रथम लिहिली गेली, असे कोणताही जबाबदार संपादक म्हणणार नाही. विषाणूच्या बाबतीत आपण नेमके तेच म्हणत आलो आहोत.

फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात इतरत्र साथ तुलनेने शांत असताना अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. अमरावती शहर व अचलपूर येथे 22 फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू झाली. अकोल्यातही निर्बंध आले. त्याच सुमारास राज्याच्या आरोग्य विभागाने जाहीर केले की, अमरावती व यवतमाळ येथील तपासलेल्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझील येथील प्रकार आढळलेले नाहीत. या उत्तरात असत्य काहीच नव्हते. दोष प्रश्नात होता. 'हा परदेशी प्रकारांपैकी आहे काय?' असे विचारले गेले. 'हा काय आहे?' असे विचारले गेले नाही. ज्ञात यादीत नाव नाही म्हणजे चिंतेचे कारण नाही, असा अर्थ त्यातून लोकांनी काढला, आणि तो त्यांनी काढावा अशीच निवेदनाची भाषा होती.

त्यानंतर सुमारे महिनाभराने, 24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, महाराष्ट्रातील 15 ते 20 टक्के नमुन्यांत काटेरी प्रथिनातील ई 484 क्यू आणि एल 452 आर ही उत्परिवर्तने एकत्र आढळतात व ती आधीच्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. डिसेंबर 2020 च्या तुलनेत हे प्रमाण वाढले होते. वृत्तपत्रांनी यास 'डबल म्युटंट' म्हटले. शब्द आकर्षक, पण शास्त्रीयदृष्ट्या पोकळ आहे, कारण या वंशशाखेत दोनच नव्हे, अनेक उत्परिवर्तने होती. त्यांपैकी पी 681 आर हे प्रथिनाच्या छेदनस्थळाजवळील उत्परिवर्तन विशेष महत्त्वाचे ठरले.

आता मूळ विधानाकडे वळू. बी.1.617 या वंशाच्या उपशाखा पडल्या. त्यांपैकी बी.1.617.1 म्हणजे कप्पा व बी.1.617.2 म्हणजे डेल्टा. ई 484 क्यू हे उत्परिवर्तन कप्पामध्ये आहे; डेल्टाचे ते लक्षण नव्हे. डेल्टामध्ये त्याऐवजी टी 478 के आढळते. म्हणजेच ज्या जोडीमुळे मार्चमध्ये महाराष्ट्राचे नाव देशभर झाले, ती जोडी डेल्टाची ओळखच नाही. दोन्ही शाखा एका कुळातल्या आहेत हे खरे. पण चुलत भावाचा जन्मदाखला दाखवून दुसऱ्याचे जन्मगाव ठरविता येत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टाच्या सर्वात आधीच्या नमुन्यांची नोंद 'भारत, ऑक्टोबर 2020' अशी केली आहे. अमरावतीतील उद्रेक त्यानंतर चार महिन्यांनी झाला. तेथे विषाणू ठळकपणे दिसला, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते.

तो तेथे का दिसला, याचे एक उत्तर नमुना-निवडीत आहे. डिसेंबर 2020 अखेरीस स्थापन झालेल्या 'इन्साकॉग' या जाळ्यात आरंभी दहा प्रयोगशाळा होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रातील दोन्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, पुण्यात होत्या. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्के नमुने वाचण्याचे उद्दिष्ट होते. आरटी-पीसीआर चाचणीची सोय वऱ्हाडात 2020 मध्येच झाली होती. परंतु क्रमनिर्धारणासाठी नमुना पुरेशा विषाणूभारासह, शीतसाखळी न तुटता, पाचशेहून अधिक किलोमीटर दूर जावा लागे. अशा व्यवस्थेत जेथे उद्रेक गाजतो तेथील नमुने आधी वाचले जातात. जेथे कोणी पाहत नाही तेथला विषाणू नकाशावर उमटत नाही. नकाशावरील गडद ठिपका म्हणूनच रोगाइतकाच निरीक्षणाचाही ठिपका असतो.

मे 2021 मध्ये केंद्र शासनाने 'भारतीय प्रकार' या संबोधनास आक्षेप घेतला, आणि 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती स्थलनामांचा कलंक टाळण्यासाठीच. देशाच्या बाबतीत जो तर्क आपण मान्य केला, तो जिल्ह्याच्या बाबतीत मात्र आपल्याच लेखनातून गळून पडतो. ऑक्टोबर 2020 ते जानेवारी 2021 या काळात अचलपूर, अकोट, बाळापूर किंवा धारणी येथील बाधित नमुन्यांपैकी किती वाचले गेले आणि त्याच महिन्यांत राज्याच्या इतर जिल्ह्यांतील किती, ही दोन आकड्यांची तुलना हाती आल्याशिवाय उगमाची चर्चा सुरूच करता येणार नाही.