कोंकणचीं कातळशिल्पें आणि तीं पाहण्याची रीत

रत्नागिरी शहरास लागूनच मिरजोळें हें गांव आहे. तेथील सड्यावर आज औद्योगिक वसाहत उभी आहे. परंतु कुंपणांच्या फटींतून काळवंडलेला, भेगाळलेला जांभा अजून कोठें कोठें उघडा दिसतो. परस्थास तो केवळ ओसाड वाटतो. वसाहतीसाठीं जागा शोधणाऱ्यांसहि तो तसाच वाटला असावा. अशाच सड्यांवर, एका बाजूस उक्षी-जांभरुणाकडे व दुसऱ्या बाजूस राजापूर तालुक्यांत बारसू, देवी हसोळ, देवाचें गोठणें, कशेळी येथें, कातळांत खोदलेलीं प्राचीन चित्रें आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई व त्यांचे सोबती यांनीं वर्षानुवर्षें सडे पायांखालीं घालून, गुराख्यांस व गांवकऱ्यांस विचारून विचारून, अशीं कितीतरी चित्रें उजेडांत आणलीं. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत रत्नागिरी जिल्ह्यांतील सात, सिंधुदुर्गांतील कुडोपीचें एक व गोव्यांतील एक, अशीं नऊ स्थळें नोंदलीं गेलीं. तेव्हांपासून या चित्रांचें रक्षण आणि त्यांच्या आधारें पर्यटन हे दोन शब्द जोडीनेंच ऐकूं येतात. ही जोडी कितपत जुळते, याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'कातळशिल्प' हा शब्द आतां रूढ झाला आहे व तो मोडून काढण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. तथापि तो या वस्तूस नीट बसत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. शिल्प म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें वेरूळ उभें राहतें: तो उठाव, तो छायाप्रकाश, तीं देवतांचीं भरलेलीं अंगें. ही अपेक्षा घेऊन मुंबई-पुण्याचा प्रवासी सड्यावर उतरतो, आणि त्यास दिसते पायांखालची एक उथळ रेघ. त्याची निराशा भरून काढण्यासाठीं मग 'गूढ' या शब्दाची योजना होते. परग्रहावरील प्राणी येतात, समुद्रांत बुडालेल्या संस्कृति येतात, आणि दहा हजार वर्षांपूर्वींच्या माणसाचें श्रेय घटकाभरांत दुसऱ्याच्या पदरांत पडतें. अभ्यासकांचे अंदाज दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागें जातात. पण रेघेस स्वतःची तारीख नसते, म्हणून ते सावधपणें बोलतात. कांहीं जण वापरतात तो 'खोदचित्र' हा शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो, कारण जें आहे त्याहून अधिक तो कांहीं कबूल करीत नाहीं.

आतां कशेळीचा हत्ती पाहा. त्याची लांबी सुमारें अठरा मीटर व रुंदी तेरा मीटर. त्याच्या बाह्यरेषेच्या आंत अनेक लहान-मोठे प्राणी खोदलेले आहेत. शेजारीं उभें राहिलें तर तो एकदम दिसतच नाहीं. वृत्तपत्रांतून व भित्तिपत्रकांवरून आपणांस परिचित झालेला हत्ती ड्रोनच्या डोळ्यानें पाहिलेला आहे. ज्यानें तो खोदला त्यास तसा तो कधींच दिसला नसला पाहिजे. त्यानें तो पावलांनीं मोजला, गुडघे टेकून खोदला आणि चालत चालत पाहिला. ड्रोनचें छायाचित्र अभ्यासास फार उपयोगी खरें. परंतु तें भाषांतर आहे, आणि भाषांतर वाचून मूळ वाचल्याचें समाधान मानणारा वाचक आमच्या वर्गांतहि पुष्कळदां भेटतो.

येथें युनेस्कोच्या यादींतील नांव उपयोगी पडतें. तेथें या चित्रांस 'पेट्रोग्लिफ', म्हणजे दगडावरील खूण, न म्हणतां 'जिओग्लिफ', म्हणजे भूमीवरील खूण, म्हटलें आहे. शब्दांचा हा वाद पंडिती वाटेल. पण आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मूळ याच भेदांत आहे. दगडावरची खूण म्हटली कीं तेवढा दगड राखला म्हणजे काम झालें. भूमीवरची खूण म्हटली तर भूमि राखावी लागते. सडा म्हणजे चित्राची पाटी नव्हे. पावसाळ्यांत त्याच्या खळग्यांत पाणी सांठतें, निळसर 'सीतेचीं आसवें' व पांढरे गेंद फुलतात, गुरें वर चढतात. दिवाळीनंतर गवत सुकून सोनेरी होतें आणि चैत्र-वैशाखांत काळा कातळ भाजून निघतो. देवी हसोळच्या चौकोनी आकृतीशीं गांवच्या देवीचें नातें लोकांनीं पूर्वींपासून जोडलेलें आहे. पुरातत्त्वाचें खातें तेथें पोंचण्याच्या फार आधीं ती आकृति त्या श्रद्धेनें राखली. हें सर्व वजा केल्यावर जें उरतें तें संग्रहालयांत ठेवण्याच्या योग्यतेचें असेल, पण तें कोंकणचें उरणार नाहीं.

आणि वजाबाकी चालूच आहे. चिऱ्याच्या खाणी सडे खातात. कोंकणांत घर म्हणजे चिऱ्याचें, आमचेंहि चिऱ्याचेंच. तेव्हां खाणवाल्यास एकट्यास दोष देऊन आम्हांस सुटतां येणार नाहीं. कातळ फोडून, बाहेरची माती भरून हापुसाचीं कलमें लावलीं जातात. बारसूच्या सड्यावर तर तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना योजण्यांत आला, आणि एप्रिल २०२३ मध्यें सर्वेक्षणास प्रारंभ होतांच गांवकऱ्यांनीं, त्यांतहि विशेषेंकरून स्त्रियांनीं, भर उन्हांत तेथें ठाण मांडलें. दोन वाघांच्यामध्यें उभ्या असलेल्या मनुष्याची प्रसिद्ध आकृति याच बारसूची. त्या वादांत कोणी कोणी असेंहि सुचविलें कीं चित्रांभोंवतीं कुंपण घालावें व बाकीची जागा वापरावी. सरकारी विचारसरणीस हें सहज सुचतें. मध्यवर्ती सरकारच्या संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी असते; कायदा वर्तुळ आखतो, आणि किल्ला किंवा लेणें यांस तें बहुतेक पुरतें. सड्यास तें कसें पुरावें? महाकाव्यांतील चार श्लोक जपून बाकीचीं पानें वाण्याकडे रद्दींत देण्यासारखा हा प्रकार आहे.

उक्षीस गांवकऱ्यांच्या सहकार्यानें हत्तीच्या चित्राभोंवतीं चिऱ्यांचा कठडा झाला व पाहण्याची सोय झाली. त्या कामास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पावलांपासून चित्र वांचलें हें मोठेंच झालें. परंतु हाच नमुना सर्वत्र गिरवूं नये. कठड्याच्या आंतील हत्ती प्राणिसंग्रहालयांतला हत्ती वाटूं लागतो.

उलट पक्षीं, कोणींच तेथें जाऊं नये असें म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांशींहि आमचें जुळत नाहीं. वर्ड्‌स्वर्थनें १८४४ सालीं विंडरमीअरकडे जाणाऱ्या आगगाडीस कडाडून विरोध केला. पण त्या सरोवरांची वाटाडी पुस्तिका लिहून पाहुण्यांस बोलावणाराहि तोच होता. न पाहिलेला सडा निमूटपणें खाणींत जातो. मात्र पाहण्यास मर्यादा हवी. फ्रान्समधील लास्को गुहेचीं चित्रें १९४० सालीं सांपडलीं, १९४८ सालीं ती गुहा लोकांस खुली झाली, आणि प्रेक्षकांच्या श्वासानेंच चित्रें बिघडूं लागल्यामुळें १९६३ सालीं ती बंद करावी लागली. पेरू देशांतील नाझ्काच्या मैदानावर महामार्ग एका सरड्याच्या चित्रास मधोमध कापून गेला. आणि २०१४ सालीं तेथेंच एका चित्राजवळ पावलांच्या खुणा उमटवून गेले ते पर्यावरणाचेच कैवारी!

आमच्याकडील दोष पुष्कळसा वेळापत्रकाचा आहे. गणपतीपुळें व रत्नागिरी यांच्यामध्यें दोन तास मोकळे सांपडले कीं मंडळी भर दुपारीं सड्यावर येतात. डोक्यावरच्या उन्हांत उथळ रेघेस सावलीच पडत नाहीं; मग तिच्यांत खडू भरण्याचा नाहीं तर पाणी ओतण्याचा मोह होतो. तेंच चित्र सकाळच्या किंवा तिन्हीसांजेच्या तिरप्या उजेडांत आपोआप उमलतें. तेव्हां पाहुणा गांवांत रात्रीं मुक्कामास राहावा, हें कलेच्या व गांवच्या हिताचें एकच सूत्र होय. मुक्काम झाला तर जेवण आलें, वाटाड्या आला, चार घरांत पैसा आला. वाहन खालीं गांवांतच राहिलें, आणि सड्यावर एका वेळीं थोडीच माणसें, अनवाणी किंवा मऊ वहाणांनीं, एखाद्या लांकडी मचाणापर्यंत गेलीं. सड्याच्या मालकास मात्र यापुढें एक पाऊल जाऊन कांहीं दिलें पाहिजे. बहुतेक जमीन खाजगी आहे. चिरा विकला तर त्यास आजच पैसे मिळतात. न विकण्याबद्दल त्यास वर्षाचें भाडें मिळणार नसेल, तर त्याच्यापुढें संस्कृतीचीं प्रवचनें करण्याचा आपणांस अधिकार काय?

आणखी एक काम आहे, आणि त्यास फारसा खर्चहि नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर कातळाची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. पिकाच्या हिशेबानें ती योग्यच होती. पण तलाठ्याच्या दप्तरांत जो खराबा, तो कारखान्याच्या नकाशावर रिकामी जागा ठरतो, आणि तेथून पुढचा प्रवास मिरजोळ्याच्या सड्यानें पाहिलेला आहे. ज्या सड्यांवर चित्रें आढळलीं आहेत, त्यांच्या उताऱ्यांतून हा एक शब्द काढून त्या जागीं दुसरा योग्य शब्द लिहावा, अशी मागणी त्या त्या गांवच्या ग्रामसभांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं करावी.