धर्मग्रामाएवढे जग

मराठी समीक्षेने साहित्याचे 'ग्रामीण' आणि 'नागर' असे दोन कप्पे पाडले, त्याला आता बराच काळ लोटला. या दोहोंत न मावणारे एक जग मात्र आपल्या वाङ्मयात अभावानेच आढळते. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले की अर्धापूर येते. ते आता खेडे नाही. तालुक्याचे ठिकाण आहे. भोवती केळीच्या बागा आहेत आणि ट्रक भरभरून केळी दूरच्या बाजारपेठांत जातात. पण ते शहरही नाही. इथे माणूस आधी घराण्याने आणि शिवाराने ओळखला जातो, नावाने नंतर. निजामी राजवट १९४८ साली संपली, तरी तिची उर्दू इथल्या मराठीत अजून नांदते आहे. अशा गावाला साहित्यात कोणत्या नात्याने प्रवेश द्यावा, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

या संदर्भात आयरिश कवी पॅट्रिक कॅव्हना (१९०४-१९६७) यांचे स्मरण होते. मॉनहन परगण्यातील इनिसकीन हा त्यांचा धर्मग्राम. त्यांनी लेखकांच्या दोन वृत्ती सांगितल्या आहेत. 'प्रांतिक' वृत्तीचा लेखक आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. राजधानीचे मत कळेपर्यंत त्याला स्वतःचे मत नसते. 'धर्मग्रामीय' वृत्तीच्या लेखकाला मात्र आपल्या चार मैलांच्या जगाच्या मोलाविषयी तिळमात्र शंका नसते. 'एपिक' या छोट्या कवितेत त्यांनी १९३८ च्या म्युनिक प्रकरणाशेजारी दोन घराण्यांमधील जमिनीच्या तुकड्याचे भांडण ठेवले आणि होमरला साक्षीला बोलावले. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या करणाऱ्या आपल्या मुलखाला ही कविता समजावून सांगावी लागणार नाही.

परंतु धर्मग्रामीय असणे म्हणजे गावाची आरती ओवाळणे नव्हे. 'द ग्रेट हंगर' (१९४२) या दीर्घकवितेत कॅव्हनांनी आई, माती आणि पापभय यांच्या कचाट्यात अविवाहित राहून वाळून गेलेला शेतकरी उभा केला. त्यात चर्चप्रणीत नीतीवरही आघात आहेत. आम्हां कॅथॉलिक वाचकांना ते बोचतात, आणि बोचावेतच. ही टीका बाहेरच्याने केलेली नाही. त्याच बाकावर बसून प्रार्थना केलेल्या माणसाने ती केली आहे. म्हणूनच तिच्यात कुचेष्टा नाही, कळवळा आहे.

मराठवाड्यात या वृत्तीचे उदाहरण शोधताना रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आठवते. गावातल्या एका शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. बदलत्या काळाचे भाष्य करण्यासाठी बोराडे कुठेही बाईच्या तोंडून विद्वानाचे शब्द वदवीत नाहीत. तिला जेवढे दिसते तेवढेच ती सांगते, आणि तेवढ्यात सारा काळ मावतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजेल की नाही, ही चिंता त्या निवेदनाला शिवत नाही. हे सामर्थ्य बोलीचे आहेच, पण त्याहून अधिक ते आत्मविश्वासाचे आहे.

नंतरच्या पुष्कळशा लेखनात नेमका हा आत्मविश्वास ढळलेला दिसतो. गाव एकतर हरवलेल्या बालपणाचे गोकुळ होते, नाहीतर दूरच्या वाचकाला हळहळ वाटावी म्हणून मांडलेले दुःखाचे प्रदर्शन. दोन्हींतून राजधानीकडे लागलेली नजरच प्रकट होते. या दोहोंच्या मध्ये तालुक्याचे गाव निसटते. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून पेटलेले वैर, व्यापाऱ्याने पाडलेला केळीचा भाव, तहसीलच्या ओट्यावर दिवस काढणारा म्हातारा, नांदेडला शिकायला गेलेली आणि घरी येताना भाषा बदलणारी मुलगी, हे सारे लेखकाची वाट पाहत आहे.

अर्धापूरवर कोणी लिहिले तर ते 'ग्रामीण' ठरेल की 'निमशहरी', याचा निवाडा समीक्षकांनी खुशाल करीत बसावा. लिहिणाऱ्याने आधी एवढेच पाहावे, की अर्धापूरच्या माणसाने ते वाचले तर त्याला आपल्याविषयी नवे काही कळेल काय. त्याला जे खरे वाटेल, ते इनिसकीनलाही परके वाटणार नाही.