नेपथ्यकाराचे श्रेय

नाट्यपरीक्षणाच्या अखेरीस ‘नेपथ्य सूचक व साजेसे होते’ असे एक वाक्य लिहून मोकळे होण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. नाटककाराला दोन स्तंभ, नटाला एक, आणि नाटकाचे जग ज्याने उभे केले त्याला पाच शब्द! आमच्या मते ही टीकेचीच उणीव आहे. संहिता छापली जाते, नटाची आठवण लोक काढतात. नेपथ्य मात्र अखेरच्या प्रयोगानंतर मोडले जाते. परीक्षकाने त्याचे वर्णन केले नाही, तर त्या कलावंताच्या उभ्या आयुष्याची नोंद उरत नाही.

नाटक मंडळ्यांच्या काळी रंगवलेले पडदे ही मंडळीची दौलत असे. कोल्हापूरच्या बाबूराव व आनंदराव पेंटर यांच्या पडद्यांनी मराठी संगीत नाटक सजले. पण बाबूरावांचे नाव आज घेतले जाते ते चित्रपटासाठी. कर्नाटकात गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने हत्ती-घोडे रंगमंचावर आणले; तेथे नेपथ्य हेच आकर्षण होते. मंडळ्या गेल्या आणि नेपथ्यकार एकेका नाटकापुरता बोलावला जाऊ लागला. एवढ्यावर चरितार्थ चालत नाही, म्हणून त्याला अन्य क्षेत्रेही धुंडाळावी लागतात.

बेंगळूरच्या शशिधर अडपा यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. कन्नड रंगभूमीचे नेपथ्य, चित्रपटांचे कलादिग्दर्शन आणि प्रजासत्ताकदिनाचे चित्ररथ अशा तिन्ही क्षेत्रांत ते वावरले. पारंपरिक हस्तकलांवरील कर्नाटकाचा २०२२ सालचा चित्ररथ त्यांचाच. राज्यांच्या चित्ररथांत तो दुसरा आला.

अशा फुटकळ कामांनी रंगकर्मीची दृष्टी बिघडते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. चित्ररथ क्षणभर डोळ्यांसमोरून सरकतो. तेवढ्यात त्याने सर्व काही सांगितले पाहिजे. म्हणून तेथे भरगच्चपणा हा गुण ठरतो. नाटकात तोच दोष होय. तेथे दृश्य दोन तास समोर असते. नट येण्यापूर्वीच ते सारे बोलून गेले, तर नटाने करावे काय? किंबहुना, काय मांडले यापेक्षा काय मांडायचे टाळले, यावरच नेपथ्यकाराची खरी परीक्षा होते. परंतु ज्याला दोन्ही प्रकार हाताळावे लागतात, त्याला हा भेद इतरांहून अधिक तीव्रतेने जाणवावा, असे आम्हांस वाटते. पोटासाठी पत्करलेले काम कलेला घातक ठरते, ते दोहोंतील सीमा पुसली गेली तरच.

बदलीवर बेंगळुरात आलेल्या आमच्या वाचकांना येथे एक विशेष संधी आहे. १९६३ साली खुले झालेले रवींद्र कलाक्षेत्र आणि शंकर नाग यांच्या स्मरणार्थ २००४ साली उभे राहिलेले रंगशंकर ही दोन्ही नाट्यगृहे त्यांच्या आटोक्यात आहेत. कन्नड संवाद पुरते उमगत नाहीत म्हणून पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत. पण नेपथ्याला दुभाषा लागत नाही. एखादी पायरी कोठे ठेवली, कोणता कोपरा रिकामा सोडला, आणि नट त्या रिकामेपणाचा उपयोग कसा करतो, हे भाषा न जाणणाराही पाहू शकतो. कदाचित अधिक नीट पाहू शकतो. पाहून आल्यावर त्यांनी चार ओळी टिपून ठेवाव्यात. नेपथ्यकाराला त्या पाच शब्दांहून अधिक काही देणे आपण लागतो.