मागच्या सतरंजीवरची समीक्षा

१९८७ साली महालातल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी साडेनऊला त्याच्यासमोर दोन निरनिराळे प्रेक्षकवर्ग बसत. पुढे आजी, आई आणि शेजारच्या काकू. त्यांनी आंघोळ करून, टीव्हीला उदबत्ती ओवाळून जागा धरलेली असे. मागे दाराजवळच्या सतरंजीवर आम्ही सात-आठ पोरं आणि एम्प्रेस मिलमध्ये कामाला असलेले एक दादा. रामानंद सागरांचं 'रामायण' पुढच्यांसाठी दर्शन होतं. मागच्यांसाठीही ते होतंच, पण आमच्याकडे ते दादांच्या तोंडून आणखी एकदा घडत असे.

युद्धाचे भाग सुरू झाले तेव्हाचं आठवतं. दोन बाण समोरासमोर येत, मधोमध थबकत आणि बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहत. कुणीतरी विचारी, "अबे, थांबले काहून?" दादा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "व्हरायटी चौकात लाल दिवा लागला असन." सतरंजी हसून लोळत असे. आजी मान न वळवता म्हणे, "मेले हो, चूप बसा!" आणि पुन्हा हात जोडी.

तेव्हा वाटायचं, आपण पाप करतो आहोत. गेली काही वर्षं मी जुन्या मालिका एकेक भाग करून पुन्हा पाहतो, वहीत टिपणं काढतो. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते ग्रंथालयांत, जुन्या अंकांत आणि अशा सतरंज्यांवर. त्या बळावर म्हणतो, की दादा जे करत होते ती समीक्षाच होती. तिला नियम होते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र मी उशिरा आणि घरातल्या एका माणसाला दुखावून शिकलो.

आपल्याकडे विडंबनाची परंपरा मोठी आहे. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, तेव्हापासून विडंबन म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. विडंबनकार मूळ कृती बाजूला ठेवतो आणि तिच्या चालीवर स्वतःची नवी कृती रचतो. दादांचं तसं नव्हतं. त्यांना मूळ कृती चालू राहायला हवी होती. त्यांना क्रिकेटच्या समालोचकासारखं काम होतं: खेळ दुसऱ्यांचा, थांबवायचा नाही, दोन चेंडूंच्या मध्ये जेवढी जागा मिळेल तेवढ्यातच बोलायचं. म्हणून या प्रकाराला मी 'धावतं समालोचन' म्हणतो.

यातून पहिला नियम निघतो: मालिका संथ हवी. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ असं दीड वर्ष चाललं. त्यात एक वाक्य बोललं गेलं, की दरबारातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जाऊन येई. दशरथ, मग कैकेयी, मग सुमंत, मग पुन्हा दशरथ. भाविकाला त्या अवकाशात भाव साठवता येत होता आणि टवाळाला शेरा मारता येत होता. जागा एकच, वापर दोन. आजच्या वेब मालिकांत दर तीन सेकंदाला दृश्य बदलतं. तिथे ना हात जोडायला वेळ मिळतो, ना तोंड उघडायला.

दुसरा नियम असा, की मालिकेनं स्वतःला मनापासून गंभीरपणे घेतलेलं हवं. याचा पडताळा मला 'चंद्रकांता'त मिळाला. १९९४ साली ती दूरदर्शनवर आली तेव्हा आम्ही सगळे तयारीत होतो. देवकीनंदन खत्रींची ऐयारांची कथा, भडक पोशाख, अखिलेंद्र मिश्रांचा त्या भुवयांचा क्रूरसिंह आणि वाक्याच्या शेवटी त्याचं ते 'यक्कू'. पण शेरे जमेनात. आपण काही म्हणायच्या आधीच क्रूरसिंह स्वतःची टिंगल करून मोकळा झालेला असे. जो स्वतःच डोळा मिचकावतो त्याची टवाळी करता येत नाही, फार तर त्याला दाद देता येते.

'महाभारत'चं कारण वेगळं होतं. बी. आर. चोप्रांच्या त्या मालिकेत समालोचक आधीच बसवलेला होता. फिरत्या चक्रातून हरीश भिमाणींच्या आवाजात 'समय' बोलायचा, आणि राही मासूम रझांच्या संवादांपुढे दादांचीही जीभ अडखळायची. आमच्या हाती एवढंच उरलं, की 'पिताश्री' आणि 'भ्राताश्री' आम्ही रस्त्यावर आणले. पानठेल्यावर "भ्राताश्री, सुपारी जरा जास्त टाकजा" हे वाक्य कित्येक वर्षं चाललं. ज्या मालिकेची थट्टा करता आली नाही, तिची भाषा आमच्या थट्टेत येऊन बसली. मालिकेची ताकद मोजायची हीही एक रीत आहे.

याउलट २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' समालोचनासाठीच जन्माला आली असावी. चार दिवस म्हणता म्हणता ती अकरा वर्षं आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. रोहिणी हट्टंगडींसारख्या थोर अभिनेत्रीला रोज संध्याकाळी त्याच दिवाणखान्यात उभं राहून नवं संकट पाहावं लागे. तोवर मागची सतरंजी पुरुषांकडून बायकांकडे गेली होती. आमच्या घरी मेथी निवडताना पत्नी आणि तिच्या मैत्रिणी जे बोलत त्याची सर दादांनाही आली नसती. "एवढ्या मोठ्या घरात एक भांडं घासताना कोणी दिसते काय?" हा त्यांचा शेरा मी वहीत लिहून ठेवला आहे. मराठी मालिकांतलं श्रीमंत घर आणि त्यातून नाहीसे झालेले श्रम यांवर याहून नेमकं वाक्य मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

अमेरिकेत हाच उद्योग व्यवसाय म्हणून उभा राहिला. २४ नोव्हेंबर १९८८ रोजी मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन यांचा 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम सुरू झाला. अंतराळयानात अडकलेला एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव सोबती टाकाऊ चित्रपट पाहतात. पडद्याच्या खालच्या बाजूला त्यांच्या काळ्या आकृत्या दिसतात आणि चित्रपटभर त्यांचे शेरे चालू असतात. आपलं 'रामायण' त्याच वर्षी जुलैत संपलं होतं. तिथे त्या कल्पनेचं नाव झालं, तिचे चाहते झाले. आमच्या दादांच्या नावावर मात्र मिलची हजेरीच राहिली.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पोगो वाहिनीवरचा 'ताकेशीज कॅसल'. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेला हा धडपडण्याचा खेळ, आणि त्यावर जावेद जाफरींचं हिंदी समालोचन. आमची मुलं त्यावर जेवण विसरत. पण त्यात मूळ आवाज जवळजवळ पुसलेला होता. चिखलात पडणारा जपानी माणूस काय म्हणतो आहे, हे आपल्याला कधी कळलंच नाही. बोलणारा एकटा उरला. मागच्या सतरंजीवर तसं नव्हतं. तिथे मूळ आवाज, आजीची दटावणी आणि दादांचा शेरा हे तिन्ही एकाच खोलीत ऐकू येत.

पुढच्या ओळीतल्यांनी आम्हाला उठवून बाहेर का काढलं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत होता. उत्तर परंपरेत आहे. तमाशाच्या गवळणीत प्रत्यक्ष कृष्ण समोर उभा असताना मावशी आणि पेंद्या त्याची फिरकी घेतात, आणि त्यानं कृष्णाचं देवपण कमी होत नाही. आमच्या नागपुरात तर टवाळीला स्वतःचा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यांच्यासोबत बडगे निघतात, आणि त्या वर्षी ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा करून, शेलक्या शब्दांत उद्धार करत, गावाबाहेर नेऊन जाळतात. मराठी विनोदी लेखनाचे आद्य पुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्मही नागपूरचाच, १८७१चा. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे समाजाच्या रूढी पाहत शेरेच मारतात. मला तर ते मागच्या सतरंजीवरचे पहिले तिघे वाटतात.

मात्र बडग्यात कोण असतो हे नीट पाहिलं पाहिजे. महागाई असते, भ्रष्टाचार असतो, सत्तेवरचा माणूस असतो. शेजारचा गरीब माणूस नसतो. इथे मी माझ्या चुकीकडे येतो.

संध्याकाळी मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीविषयक कार्यक्रम लागे. शहरातल्या आम्हा पोरांना ती पर्वणी होती. इस्त्रीच्या कपड्यांतला मुलाखतकार, समोर नवं धोतर नेसून ताठ बसलेला शेतकरी आणि दोघांच्या मध्ये माईक. मुलाखतकार विचारी, कीड नियंत्रणाचे कोणकोणते उपाय आपण अवलंबिलेत, अशा धर्तीचं काहीतरी. शेतकरी एकदा माईककडे पाही, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि पाठ केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडून देई. मी त्याची हुबेहूब नक्कल करत असे. तो थांबला की मी थांबायचो, तो घाम पुसे तसा पुसायचो. वाड्यात माझ्या त्या नकलेची ख्याती होती.

एका संध्याकाळी काटोलकडून मामा आले होते. त्यांची थोडी संत्र्याची बाग होती. ते मांडीवर छोटी वही घेऊन फवारणीचं प्रमाण लिहून घेत होते. माझी नक्कल रंगात आली, सगळे हसले. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वही मिटून म्हणाले, "त्याले शेती येते रे. त्याले प्रश्न नाही समजला. मलेबी नाही समजला."

पुढे कोणी काही बोललं नाही. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. नंतरही ते येत राहिले, पण माझ्यासमोर टीव्हीपुढे वही घेऊन बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्या एका वाक्यानं मला समीक्षा शिकवली. दृश्यात हास्यास्पद काहीतरी होतंच, माझे कान चुकले नव्हते. पण मी बोट चुकीच्या माणसाकडे दाखवलं होतं. हसण्यासारखा होता तो प्रश्न. वावरात उभ्या पिकाविषयी बोलताना 'अवलंबिले' म्हणणारी ती भाषा हसण्यासारखी होती. 'फवारा मारला' हे साधं वाक्य त्या माणसाच्या ओठांवर असणार, आणि माईकसमोर ते चालणार नाही असं कुणीतरी त्याला आधीच सांगितलेलं असणार. मी ज्याच्यावर हसलो ती त्याची फजिती प्रमाणभाषेनं केलेली होती. आणि मी स्वतः घरात वऱ्हाडीच बोलत होतो.

तिसरा नियम तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: टवाळी ऐटीची करावी, ऐपतीची नव्हे. 'रामायण'मधल्या कापसाच्या दाढ्या आणि थबकलेले बाण ही ऐपतीची गोष्ट. उंबरगावच्या स्टुडिओत हाताशी होत्या त्या साधनांनी माणसं स्वर्ग उभा करत होती. दादांचा लाल दिव्याचा विनोद चालतो, कारण त्यात बाण आपल्या गावात येतो. तो बाणाची किंमत काढत नाही. तीच दाढी दाखवून "किती स्वस्त" म्हणणं ही कुचेष्टा झाली. वऱ्हाडी बोलणारं पात्र बोलीसाठीच हास्यास्पद ठरवण्याची सवय मराठी मालिका-नाटकांना फार वर्षं होती. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे त्याच बोलीत समोरच्याची फिरकी घेऊ लागले, तेव्हा आमच्या भागात जो आनंद झाला त्याचं मूळ इथे आहे. हसणं तेच होतं, फक्त माईक आता आमच्या हातात होता.

या सगळ्याला आणखी एक अडचण आहे. थट्टा करायला मालिका उरायला हवी. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातलं पुष्कळ काम टेप पुसून पुन्हा वापरल्यामुळे गेलं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चेही थोडेच भाग उरले. ज्याची पूजा झाली ते जपलं गेलं, आणि ज्याच्यावर आपण हसलो ते पुसलं गेलं तरी कुणी विचारलं नाही. ते शेतीचे कार्यक्रम मला आज पुन्हा पाहायचे आहेत, या वेळी मुलाखतकारावर शेरे मारण्यासाठी. त्या शेतकऱ्यांचे चेहरेही पाहायचे आहेत.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं. वाडा कधीच पडला होता, दादाही नव्हते. फ्लॅटमध्ये मी आणि आई दोघंच पाहत होतो. मोबाइलवर त्याच मालिकेतली चित्रं एकेका ओळीचा विनोद लावून फिरत होती. ते विनोद करणाऱ्यांतल्या किती जणांनी पूर्ण भाग पाहिला असेल, अशी शंका येई. धावत्या समालोचनाला निदान बसून राहावं लागतं. दादांनी एकही रविवार चुकवला नव्हता.

युद्धाचा भाग आला. दोन बाण निघाले, मधोमध आले, थबकले. आईनं जोडलेले हात तसेच ठेवले आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "लागला लाल दिवा."